राजाकडची जागा

उंबरदरीचा मंगळू भोये आख्ख्या पंचक्रोशीत ओळखला जायचा तो भांडणासाठी. माणूस भांडखोर मुळीच नव्हता. अडुसष्ट वर्षांत त्याने कुणावर हात उगारल्याचं कुणाला आठवत नाही. शेजाऱ्याची गाय भातात शिरली तरी तिला हाकलताना हा ‘हो बाई, हो पलीकडं’ म्हणणार. पण वर्षातला एक दिवस असा यायचा, की मंगळू गावातल्या उंबराखाली दगडावर बसायचा आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पोराची बाजू घेऊन असा तुटून पडायचा, की आसपासच्या पाड्यांवरची माणसं ते ऐकायला चालत येत.

उंबरदरी पेठच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळ. आज ऐंशी घरं. एके काळी इथे राजा नांदत होता असं गाव सांगतं. वाडा म्हणावा तर टेकडीवर एक दगडी जोतं उरलंय आणि त्याच्या पोटाशी पाण्याचं टाकं. राजाचं नाव महिपत. गोऱ्या साहेबाने त्याच्याकडे जंगल मागितलं. सागाच्या झाडांवर हातोड्याने खुणा मारायच्या आणि मग त्या झाडांना गावाने हात लावायचा नाही, असा हुकूम आला. राजा म्हणाला, झाडं माझी नाहीत, तर देऊ कशी? दोन वर्षं त्याने साहेबाला घाट चढू दिला नाही. तिसऱ्या वर्षी एका पहाटे तो होती नव्हती ती माणसं घेऊन घाटाकडे निघाला. सोळा वर्षांचा एकुलता एक मुलगा कान्हू आत झोपला होता. दारावरच्या म्हातारीने विचारलं, उठवू का? राजा म्हणाला, ‘निजू द्या त्याला.’

राजा घाटात पडला. मारला गेला म्हणणारे आहेत, धरून नेला म्हणणारेही आहेत. परत आला नाही एवढं खरं. तिसऱ्या दिवशी साहेब टेकडीवर चढला, कान्हूपुढे कागद ठेवला आणि कान्हूने अंगठा उठवला. जंगल गेलं. कान्हूला एक घोडा मिळाला आणि मरेपर्यंत लोकांच्या शिव्या.

दर चैत्रात उंबरदरीत सोंगं निघतात. देवांचे मुखवटे बांधून तीन रात्री नाच चालतो. चौथ्या दिवशी सकाळी निवाडा. उंबराखाली दोन दगड आहेत, एक राजाकडचा, एक पोराकडचा. राजाकडच्या दगडावर महाल्यांच्या घरातलं माणूस बसतं, पोराकडच्या दगडावर भोयांच्या. जंगल कुणाच्या चुकीनं गेलं, यावर दोघांनी भांडायचं. निवाडा बाईने द्यायचा, कारण राजा पडला त्या दिवशी गावात बायाच उरल्या होत्या. गेली वीस वर्षं तो मान कुसाबाईचा. जो जिंकला असं तिला वाटेल, त्याच्या ओंजळीत ती पसाभर तांदूळ घालते. झालं. माणसं जेवायला जातात.

राजाकडच्या दगडावर गेणू महाले बसायचा. मंगळूचा लंगोटीयार. उंच, हाडं मोठी, आवाज असा की डोंगराला आपटून परत यावा.

‘सोळा वर्सांचं म्हंजे पोरगं व्हय?’ गेणू सुरुवात करायचा. ‘त्या वयात माझ्या आज्याला दोन लेकरं व्हती! राजानं दोन वर्सं साहेबाला घाट चढू दिला नाय, आन् ह्या दिवट्यानं तीन दिवस दम धरला नाय!’

मंगळू त्याला पूर्ण बोलू देई. मग हळू आवाजात विचारी, ‘राजा पडला, कबूल. पन पडायच्या आधी वीस वर्सं उभा व्हता ना रं? त्या वीस वर्सांत एक दिस तरी पोराला शेजारी बसवलं का? धान्य कुठं पुरलंय, मान्सं किती, साहेब म्हंजे काय, कागद म्हंजे काय, हे सांगितलं का? शिकार शिकवली. ससा मारता यायचा त्याला. साहेब काय ससा व्हता?’

लोक हसत. गेणू चवताळून उठे. ‘आज आपन पडनार हे राजाला काय ठावं?’

‘रोज मरनाच्या वाटेवर चालनाऱ्याला ठावं नसंल, तर कुनाला असंल? आन् जाताना काय म्हनला? निजू द्या त्याला! अरं, उठवायचं व्हतं!’

‘बापाचं काळीज हाय ते!’

‘राजाला काळीज एकाच पोरापुरतं असून चालतंय व्हय?’

असं दोन-दोन तास. पण भांडण त्या सकाळी संपत नसे, खरी गंमत तिथेच होती. भाताच्या आवणीच्या चिखलात, ओढ्यावर, एसटीच्या मागच्या बाकावर दोघांचं तेच. दिवाळीनंतर गावातली माणसं पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जात. हे दोघेही वीसेक हंगाम गेले. एका ओळीत गेणू, पलीकडच्या ओळीत मंगळू, मध्ये वेलींची भिंत, आणि राजा बरोबर की पोरगं. एका बागायतदाराला वाटलं, दोघांत जमिनीचं वैर आहे, कधीतरी कोयता चालेल. त्याने दोघांना बागेच्या दोन टोकांना लावलं. दुपारपर्यंत दोघांचे घसे बसले, कारण भांडण ओरडून चाललं होतं.

मंगळू पोराची बाजू इतकी पोटतिडकीनं का मांडतो, हे गेणूला ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही.

मंगळू पंधरा वर्षांचा असताना आश्रमशाळेत होता. त्याचा बाप लहानू थंडीच्या दिवसांत गेला. छातीत वर्षभर दुखत होतं, पण शाळेत कळवलं नाही. सायकलवरून निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मंगळू भूमितीचा धडा लिहीत होता. घरी पोचला तेव्हा सगळं उरकलेलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चुलता एक कागद घेऊन आला. म्हणाला, ओढ्याकाठचं खाचर तुझ्या बानं मला देऊ केलं होतं, तू शिकलेला आहेस, वाचून सही कर. मंगळूने वाचलं. अक्षर अन् अक्षर वाचलं. बापाची जमीन कुठून कुठवर, कुणाला काय शब्द दिला होता, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. पण घरात सही करता येणारा तो पहिला होता. सगळ्यांच्या देखत त्याने झोकात सही केली. गावातलं सगळ्यात चांगलं भात त्या खाचरात पिकायचं.

आई एक शब्द बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही. मंगळूची शाळा तिथेच सुटली.

पुढे त्याचं लग्न झालं, नवसाबाई घरात आली. एक मुलगी झाली, मीना. ती सुरगाण्याकडे दिली. नवसाबाई नऊ वर्षांपूर्वी गेली. मीना आखाजीच्या सणाला येते, चार दिवस राहते, भांडी घासून पालथी घालून जाते. एरवी घरात मंगळू, दोन शेळ्या आणि कौलांवर फिरणारी मांजर. तरी त्याला एकटं वाटलं नाही, कारण संध्याकाळी गेणू ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, ‘तू परवा ते घोड्याचं बोल्लास ना, त्याच्यावर माझ्याकडं उत्तर हाय.’

गेल्या भाद्रपदात गेणूचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं. गेणू हटून बसला. ‘नाशिकला बसून जानार आन् जीपमधी आडवा येनार. मला हितंच राहू दे.’ बायको आधीच गेलेली, मुलगा दत्तू पिंपळगावला. द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये दत्तूला त्याच महिन्यात कायमची नोकरी लागली होती. तोवर हंगामी होता.

मंगळू म्हणाला, ‘पोराला बोलावतो.’

‘नको. नवं काम हाय त्याचं. पयल्याच महिन्यात रजा मागंल तर काढून टाकतील. फोन लाव, मी बोलतो.’

मंगळूने फोन लावून गेणूच्या कानाशी धरला. ‘बरा हाय मी,’ गेणू म्हणाला. तेवढं बोलायलाही त्याने दोनदा श्वास घेतला. ‘भात पोटरीत आलंय. तू काम सोडून येऊ नको.’ दत्तूला काहीतरी वाटलं असणार. तो म्हणाला, काकांना द्या. मंगळूने फोन आपल्या कानाला लावला.

‘काका, बाबा खरंच बरे आहेत ना?’

गेणू खाटेवरून त्याच्याकडे बघत होता. ते पिवळे डोळे मंगळूच्या तोंडावरून हलेनात.

‘बरा हाय,’ मंगळू म्हणाला. ‘जरा ताप हाय. उतरंल.’

पाचव्या दिवशी गेणूची शुद्ध गेली. मग मंगळूने फोन केला. दत्तू आला तोवर बोलणं संपलं होतं; तो रात्रभर बापाचा पाय धरून बसला आणि सकाळी गेणू गेला. दहावं-तेरावं करून दत्तू परत गेला. मंगळूला काही विचारलं नाही. मंगळूनेही सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मंगळूला फार जड गेले. बायको गेली तेव्हा घर रिकामं झालं होतं. आता डोकं रिकामं झालं. नाही, रिकामं नाही, उलट. डोक्यात सगळं भरलेलं आणि काढायला जागा नाही. कापणीच्या वेळी भात कापता कापता त्याला एक मुद्दा सुचला. कान्हूपुढे कागद ठेवला, तो कुठल्या भाषेत होता? कुणी वाचून दाखवला का? चाळीस वर्षांत हे दोघांनाही सुचलं नव्हतं. मंगळू विळा हातात धरून तसाच उभा राहिला आणि गेणूच्या शेताकडे वळून त्याने तोंड उघडलं. तिथे गेणूच्या मामेभावाचा पोरगा वाट्याने कापणी करत होता. ‘काय झालं काका?’ तो म्हणाला. मंगळू म्हणाला, ‘काय नाय. पानी हाय का?’

तो मुद्दा त्याने संध्याकाळी शेळ्यांना सांगून बघितला. ‘यावर गेन्या काय म्हनला असता?’ तो स्वतःलाच विचारी. आणि गेणू काय म्हणाला असता ते त्याला खरोखर कळेना. इतकी वर्षं समोर बसूनही गेणूचं उत्तर गेणूच देऊ शकत होता.

माघात गावाची बैठक झाली. काही तरुण म्हणाले, आता निवाडा बंद करू, चौथ्या दिवशी डीजे लावू. कुसाबाई ऐंशीची, पण तिचा शब्द अजून चालतो. ती म्हणाली, ‘महाल्यांचं मानूस जित्तं हाय तोवर जागा रिकामी ऱ्हायची नाय. दत्तूला आना.’

आणणार कोण? सगळे मंगळूकडे बघायला लागले.

एका सकाळी मंगळू जीपने पेठला, तिथून एसटीने नाशिकला आला. द्वारका चौकात उतरला तर पुलाखाली गाड्यांचा नुसता गदारोळ. पूर्वी गेणू पुढे असायचा, हात वर करून रस्ता थांबवायचा, मंगळू मागून जायचा. या वेळी तो दोन सिग्नल तसाच उभा राहिला. मग बोचकं घेतलेल्या एका बाईच्या मागोमाग पलीकडे गेला आणि पिंपळगावची बस धरली.

पॅकहाऊस हायवेला लागून होतं. दारावरच्या माणसाने त्याच्या डोक्यावर कागदासारखी पातळ टोपी चढवली, चपला काढून घेतल्या आणि आत सोडलं. आत गारठा. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बाया घड हातात धरून कात्रीने खराब मणी काढत होत्या. दत्तू हातात पॅड घेऊन फिरत होता. तीस वर्षांचा, बापाएवढाच उंच, पण खांदे आत ओढलेले.

‘काका? काय झालं?’

‘काय झालं नाय. चैत्रात निवाडा हाय. तुझ्या बाची जागा हाय.’

दत्तू त्याला बाहेर क्रेटच्या थप्पीजवळ घेऊन गेला. ‘मला त्यातलं काही येत नाही, काका.’

‘बा बोलायचा ते ऐकलं असशील की.’

‘कधी? मी सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत. सुट्टीत आलो की विचारायचो, बाबा, तुम्ही उंबराखाली काय बोलता, मला शिकवा. तर म्हणायचे, तुला काय करायचंय त्याचं, तू पुस्तक वाच.’ दत्तूने हातातलं पॅड क्रेटवर ठेवलं. ‘शेताचं विचारलं तरी तेच. आता तलाठ्याने विचारलं, तुमच्या वाट्याची हद्द कुठवर? मला सांगता आलं नाही. लाज वाटली.’

 चाळीस वर्षं हेच तर मंगळू ओरडून सांगत होता. आता ते समोरून ऐकताना त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला गेणूची कीव आली आणि स्वतःची शरम.

‘एक दिस ये,’ तो म्हणाला. ‘नुसता बस. बोलला नायस तरी चालंल.’

‘बघतो,’ दत्तू म्हणाला. हंगाम भरात होता. आतून कुणीतरी हाक मारली. दत्तूने सुट्या मण्यांची एक पिशवी त्याच्या हातात दिली आणि आत गेला.

तो येईल असं मंगळूला वाटलं नव्हतं. पण निवाड्याच्या सकाळी सात वाजताच्या जीपमधून दत्तू उतरला. शर्ट इस्त्रीचा. उंबराखाली यंदा माणसं जास्तच होती. गेणूचा पोरगा बसणार म्हटल्यावर बघायला आली होती. काहींनी मोबाइल वर धरले होते. दत्तू राजाकडच्या दगडावर बसला. समोर मंगळू.

कुसाबाई म्हणाली, ‘राजाकडचं मानूस, बोल.’

दत्तूने खाली बघितलं. वर बघितलं.  मागून कुणीतरी खुसखुसलं.

‘मला राजाकडून बोलता येत नाही,’ शेवटी तो म्हणाला. ‘राजा कसा होता मला माहीत नाही. मला माझा बापच माहीत नाही. फोनवर म्हणाला, बरा आहे. मी आलो तेव्हा त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. राजाने पोराला निजू दिलं म्हणतात. मलाही निजवूनच गेला. आता तुम्ही सांगता त्याच्या जागेवर बस. कसा बसू?’

खुसखूस थांबली.  नेहमीप्रमाणे आता मंगळूची पाळी होती, आणि बोलायला काही उरलंच नव्हतं. त्याचं सगळं बोलणं समोरचा बोलून मोकळा झाला होता.

मंगळू उठला, मधली जागा ओलांडून दत्तूसमोर गेला. ‘ऊठ. ही जागा तुझी नाय. तू तिकडं बस.’

गलका झाला. ‘असं चालत नाय! भोयांनी राजाकडं बसायचं नसतं!’ कुणीतरी ओरडलं.

कुसाबाईने काठी आपटली. ‘राजा पडला त्या दिशी काय रीतीनं झालं व्हतं? बसू द्या.’

दत्तू पोराकडच्या दगडावर गेला. मंगळू गेणूच्या दगडावर टेकला. दगड एका बाजूला गुळगुळीत झालेला, गेणू तिरका बसायचा त्यामुळे. मंगळू सरळ बसायला गेला तर घसरायला लागला. त्यालाही तिरकं बसावं लागलं.

‘मी राजाकडून बोलतो,’ तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. मागची माणसं पुढे सरकली. ‘चाळीस वर्सं मी म्हनलो, राजानं पोराला उठवायला पायजे व्हतं. आज सांगतो, राजा का उठवत नाय. त्याला वाटतं, आजचा दिस आपन निभावून नेऊ, उद्या सांगू. पोरगं निजलंय, त्याला सपान पडत असंल, ते कशाला मोडा. आन् त्याला भ्याव वाटतं. पोराला सांगितलं की आपन पडनार हे खरं व्हतं. नाय सांगितलं तोवर खोटं ऱ्हातं. मूर्खपना हाय. पन लबाडी नाय.’

 मग तो दत्तूकडे बघून बोलायला लागला. निवाडा बाजूला राहिला.

‘भादव्यात तुला फोन मीच लावला व्हता. गेणूला ठावं व्हतं, आपन आता उठत नाय. मला बी ठावं व्हतं. तो म्हनला, पोराचं नवं काम हाय, सांगू नको. तू मला इचारलंस, खरंच बरा हाय ना. मी म्हनलो, बरा हाय. चार दिस आधी आला असतास तर तो तुझ्याशी बोल्ला असता. ते चार दिस मी खाल्ले, दत्तू. आयुष्यभर पोराकडून भांडलो, आन् येळ आली तवा राजाला सामील झालो.’

दत्तू पुढे झुकला. ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘व्हय.’

‘सात महिने झाले. तुम्ही पिंपळगावला आलात, माझ्यासमोर उभे राहिलात. तेव्हाही बोलला नाहीत?’

 ‘नाय बोललो,’ मंगळू म्हणाला.

दत्तू उठला. माणसांमधून वाट काढत सरळ रस्त्याकडे चालायला लागला. कुणी अडवलं नाही. कुसाबाई हातात तांदूळ घेऊन बसली होती. तिने दोन्ही दगडांकडे बघितलं. मग पदर आवरत उठली आणि तांदूळ उंबराच्या मुळाशी ठेवून म्हणाली, ‘औंदा निवाडा नाय. जा घरी.’

गावाच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. काहीजण मंगळूवर चिडले, सगळं नासवलंस म्हणाले. काहींनी त्याच्याशी बोलणं टाळलं. मोबाइलमध्ये घेतलेलं ते बोलणं पेठपर्यंत फिरलं. मीनाने सुरगाण्याहून फोन केला. ‘बा, तुमी असं चारचौघांत कशाला सांगितलं?’ मंगळू म्हणाला, ‘एकट्यात सांगायची हिंमत नव्हती, बाय.’

वैशाख तसाच गेला. संध्याकाळी मंगळू ओट्यावर बसायचा. समोरच्या वाटेने कुणी गेलं तर मान हलवायचं, थांबायचं नाही. गेणूच्या अंगणात शेवग्याच्या शेंगा वाळून लोंबकळत होत्या. त्या कुणी काढल्या नाहीत. आपण जिवंत माणसाचं मन मोडलं आणि मेलेल्याचं गुपितही ठेवलं नाही, असं त्याला वाटे. बाप लहानू त्याला आता वारंवार आठवायचा. पूर्वी आठवायचा तो रागाने. आता आठवायचा तो छातीवर हात दाबून, मुलाला लिहायच्या पत्राचं कार्ड कोनाड्यात तसंच ठेवणारा माणूस म्हणून. असं कार्ड खरंच होतं की नव्हतं, हे मंगळूला सांगता आलं नसतं. पण ते त्याला दिसायचं.

ज्येष्ठात, पाऊस आठ दिवसांवर आला असताना, एका सकाळी दत्तू दारात उभा राहिला. बसला नाही, पाणी घेतलं नाही.

‘तलाठी येणार आहेत पुढच्या आठवड्यात,’ तो म्हणाला. ‘हद्द दाखवाल?’

मंगळूने काठी घेतली. दोघे निघाले. महाल्यांची जमीन तीन तुकड्यांत, डोंगराच्या दोन बाजूंना. मंगळू पुढे चालत बोट दाखवत गेला. हा दगड तुमचा. ह्या आंब्याचा अर्धा पाड तुमचा, अर्धा चौधऱ्यांचा, पण चौधरी विसरतात, त्यांना आठवण करायची. इथे पावसात बांध फुटतो, आधीच माती टाकायची. ह्या झऱ्याला चैत्रातही पाणी असतं, वर कातळ आहे तो हलवायचा नाही. दत्तू मोबाइलमध्ये टिपून घेत होता. सुरुवातीला ‘हं’ एवढंच म्हणे. दुपारनंतर प्रश्न विचारायला लागला. एका बांधावर गेणूने लावलेली सागाची सात रोपं पुरुषभर वाढली होती. ‘ही कधी लावली?’ दत्तूने विचारलं. मंगळू म्हणाला, ‘तुला नोकरी लागली त्या साली. हंगामी लागलास तवा.’

माथ्यावरच्या तुकड्यात पोचेपर्यंत उन्हं कलली. दोघे सावलीला बसले. खाली पेठच्या बाजूला ढग जमत होते.

‘बाबा शेवटचं काय बोलले?’ दत्तूने विचारलं. ‘तुम्ही होतात ना.’

मंगळूला वाटलं, काहीतरी मोठं सांगावं. तुझं नाव घेतलं म्हणावं. पोराला आधार वाटेल. शब्द अगदी ओठांवर आले होते.

‘शेळ्या बांधल्या का, म्हनला,’ तो म्हणाला. ‘मी म्हनलो, बांधल्या. मग डोळे मिटले.’

 दत्तूच्या तोंडून एक आवाज आला, हसल्यासारखा, आणि मग तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. मंगळूने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही; तेवढा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटलं नाही. तो शेजारी बसून राहिला.

‘मी गावात राहणार नाही,’ बाहीने तोंड पुसत दत्तू म्हणाला. ‘शेत वाट्यानेच देईन. आणि त्या दगडावरही बसणार नाही. कुठल्याच. आत्ताच सांगतो.’

‘बरं.’

‘तुमच्यावरचा राग गेलेला नाही, काका.’

‘नसंल गेला.’

साडेपाचच्या जीपने दत्तू गेला. जाताना खिडकीतून म्हणाला, ‘तलाठी आले की फोन करा. मी येतो.’ मंगळूने हात वर केला. जीप वळणाआड गेली तरी चढावर तिचा आवाज थोडा वेळ येत होता.

घरी येऊन मंगळूने चूल पेटवली. दोन भाकरी थापल्या, त्यातली एक खाल्ली. वारा सुटला होता. भाताच्या रोपासाठी भाजलेल्या जागेवर उद्या बियाणं टाकायला हवं होतं. त्याने कणगीतून बी काढलं, सूप घेऊन ओट्यावर बसला आणि उजेड होता तोवर पाखडत राहिला.